एकटा आल्यास

सगुणभाई कांबळी घरी जायला उठले की आधी घोषणा करीत. खुर्ची मागे सारून, पिशवी काखेला मारून ते दारात उभे राहत, घसा साफ करीत आणि म्हणत, "लक्ष द्या. सगुण कांबळी, बाजारपेठमार्गे धुरीवाड्याकडे, सुटण्याच्या तयारीत आहेत. वाटेत मासळी घ्यावयाची असल्याने पोचण्यास उशीर होण्याची शक्यता आहे." मग ते खरोखरच थोडे थांबत. कोणाला बरोबर यायचे असेल तर म्हणून. आमच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमधली पोरे कानांना हेडफोन लावून बसलेली असत, ती मानही वर करीत नसत. सगुणभाई सुटत.

मालवणच्या एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत त्यांची सारी नोकरी गेली. गाडी कुठली, कुठे लागली, कुठून जाणार, हे माइकवरून सांगायचे आणि खिडकीशी येणाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. निवृत्त झाल्यावर माइक सरकारजमा झाला, पण आवाज त्यांच्याकडेच राहिला. कोणाच्या लग्नाला गेले तर पंगत बसवण्याचे काम आपोआप त्यांच्याकडे येई. "दुसऱ्या पंगतीच्या प्रवाशांनी मांडवाच्या डाव्या अंगास थांबावे, पहिली पंगत अजून सुटलेली नाही," असे ते सांगत आणि लोक निमूट थांबत. बोलणे त्यांचे आमच्यासारखेच मालवणी. पण काही जाहीर करायचे झाले की ते एकदम शुद्ध मराठीत जात, कामावर जाताना खाकी शर्ट चढवावा तसे.

असा माणूस कॉम्प्युटरवरच्या खेळाच्या नादाला कसा लागला, आणि त्या खेळाच्या एका पानावरून आमच्यावर रुसून कसा बसला, ते सांगायचे आहे. त्या पानाचे नाव होते 'एकटा आल्यास'. ते पान ठेवायचे की पुसायचे, यावरून सारे झाले.

दोन हजार सात-आठ सालची गोष्ट. मी मालवणजवळच्या कट्टा गावचा. वडील चिरेखाणीवर चिरे काढायचे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, त्यामुळे नोकरी लागेपर्यंत आईने गावातल्या कुठल्या देवाला काय बोलून ठेवले होते ते तिलाच ठाऊक. नोकरी लागली ती मालवणच्या बाजारातल्या एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये. सकाळी आणि संध्याकाळी मी शिकवायचो. मधल्या वेळी मशीन रिकामी असत, तेव्हा तिथेच सायबर कॅफे चाले. तो वेळ बाबलो नावाचा आमचा माणूस सांभाळी, म्हणजे गल्ल्यावर डोके टेकून झोपे. मी तेवढ्यात कट्ट्याला घरी जाऊन जेवून येई.

माझा वर्गमित्र प्रसाद देवबागचा. पुण्याला कंपनीत होता. त्याने रिकाम्या वेळात एक खेळ लिहायला घेतला होता, 'रापण' नावाचा. ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोराचे एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हाती ठेवून होडी जाळे घेऊन समुद्रात जाते, अर्धा वळसा घालते आणि दुसरे टोक किनाऱ्यावर लांब नेऊन देते. मग दोन्हीकडची माणसे एकाच लयीत दोर ओढत एकमेकांकडे सरकतात. एका बाजूने घाई केली की जाळे तिरके होते आणि मासे निसटतात. प्रसादचा खेळ अगदी असाच होता. इंटरनेटवरून एक खेळाडू एक टोक धरी, दुसरा दुसरे. खेळ इतका हलका होता की आमच्या मरतुकड्या कनेक्शनवरही चाले.

खेळ फुकट होता आणि कोणीही त्यात हात घालू शकत होता. कोणी चित्रे काढी, कोणी आवाज भरी. माझ्याकडे विकीचे काम होते. विकी म्हणजे खेळाची माहिती लिहिलेली पाने, जी कोणीही उघडून दुरुस्त करू शकतो. सगुणभाईंना मी हे समजावले तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आमचो स्टँडावरचो फळोच तो. कोणीव येतलो आणि बाहीन पुसतलो."

सगुणभाई मुळात आमच्याकडे आले ते ई-मेल शिकायला. त्यांची पत्नी, आमच्या काकी, नातवाला सांभाळायला म्हणून मुंबईला मुलाकडे गेल्या होत्या. दोन महिन्यांसाठी गेल्या त्याला बराच काळ झाला होता. नातवाचे फोटो ई-मेलने येत. फोटो पाहून झाले तरी सगुणभाई उठत नसत. एकदा मी विकीचे पान उघडून बसलो होतो तर ते मागे येऊन उभे राहिले आणि मोठ्याने वाचू लागले. पहिल्याच पानावर आम्ही जाळ्याला एकदा जाळे म्हटले होते, एकदा नेट, आणि प्रसादला देवबागची आठवण आली होती तिथे रापण.

"ह्यां काय?" त्यांनी विचारले. मी म्हटले, तिन्ही एकच.

"एकाच गाडयेक तीन पाटये? मेल्या, माणूस चढतलो खंयच्या गाडयेत?"

त्यांनी खुर्ची ओढली. त्या दिवसापासून विकी त्यांची झाली.

ते एका बोटाने टाइप करीत, आणि टाइप करताना प्रत्येक शब्द माइकवर बोलल्यासारखा बोलत. त्यामुळे आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये टॅली शिकणाऱ्या मुलींनाही रापणीचे सगळे नियम पाठ झाले होते. प्रत्येक पान 'खेळाडूंनी लक्ष द्यावे' असे सुरू होई आणि 'धन्यवाद' असे संपे. प्रसाद रात्री पुण्याहून धन्यवाद पुसून टाकी, सगुणभाई सकाळी येऊन पुन्हा घालीत. शेवटी मी मध्ये पडलो आणि धन्यवाद फक्त मुख्य पानावर ठेवायचे ठरले. सगुणभाईंनी ते मान्य केले, पण पुढे आठवडाभर प्रत्येक पान संपल्यावर ते तोंडाने धन्यवाद म्हणत आणि माझ्याकडे बघत.

डावीकडे-उजवीकडे हे शब्द त्यांना सहन होत नसत. "डावीकडे म्हंजे कोणाच्या?" ते विचारत. "दर्याकडे तोंड करून उभो रवलो तर एक, पाठ करून उभो रवलो तर दुसरा." मला लग्नाच्या मांडवाचे डावे अंग आठवले. त्यांनी सगळ्या पानांवरची डावी-उजवी काढून तिथे 'मालवणच्या बाजूस' आणि 'देवबागच्या बाजूस' असे घातले. आमच्या किनाऱ्यावर हे कोणालाही कळते. नागपूरच्या एका मुलाला कळले नाही. त्याने चर्चेच्या पानावर विचारले की देवबाग म्हणजे कुठले बटण. सगुणभाईंनी उत्तर लिहिले, 'दक्षिणेस.' त्याने विचारले, स्क्रीनवर दक्षिण कुठे असते. सगुणभाईंनी लिहिले, 'मालवणच्या विरुद्ध बाजूस.' तो मुलगा चिकाटीचा होता, त्याने पुन्हा विचारले. हे आठ दिवस चालले. अखेरीस प्रसादने कंटाळून खेळातच दोन्ही टोकांना दोन पाट्या रोवल्या, एकीवर मालवण, एकीवर देवबाग.

त्यानंतर प्रसादचा मला फोन आला. माहिती खेळाप्रमाणे लिहायची असते, खेळ माहितीप्रमाणे बदलायचा नसतो, हे म्हाताऱ्याला सांग म्हणाला. मी सांगितले. सगुणभाई म्हणाले, "वेळापत्रक गाडयेप्रमाणा नसता. गाडी वेळापत्रकाप्रमाणा व्हयी."

मी म्हटले, पण तुमच्या गाड्या वेळेवर यायच्या कुठे?

"आमची गाडी कधी वेळेर इली नाय," ते शांतपणे म्हणाले. "पण वेळापत्रक कधी चुकला नाय."

'वर पाहा' असे लिहायलाही बंदी होती. नोकरीत नवीन असताना त्यांनी एका म्हातारीला फलकाकडे बोट दाखवून वर बघा म्हणून सांगितले होते. तिला वाचता येत नव्हते. ती बांद्याच्या गाडीत बसायची ती आचऱ्याला जाऊन पोचली, आणि दुसऱ्या दिवशी येऊन तिने खिडकीसमोर उभे राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हापासून प्रत्येक पान आपल्या पायावर उभे राहिले पाहिजे, असे त्यांचे मत झाले. मत चांगले होते. पण त्यामुळे कुर्ल्यांवरचे, म्हणजे खेकड्यांवरचे, पान 'प्रथम संगणक चालू असल्याची खात्री करावी. वीज नसल्यास वीज येईपर्यंत थांबावे' असे सुरू होऊ लागले, आणि कुर्लीपर्यंत पोचेतो वाचणाऱ्याची भूक मरे. प्रसादने विचारले, वीजच नसेल तर तो हे वाचणार कसे? सगुणभाईंनी दोन दिवस विचार केला आणि मला येऊन म्हणाले, "त्येना आदीच वाचून ठेवलेला आसता. मगे वीज जाता."

'लवकरच येत आहे' या शब्दांवर मात्र ते खरोखर चिडत. खेळात जे अजून तयार नव्हते त्या पानांवर आम्ही असे लिहून ठेवत असू. त्यांनी ती पानेच्या पाने कोरी केली. "गाडी लवकरच सुटात असा सांगलास की माणसांका मुताक पण जावक गावणा नाय," ते म्हणाले. "जी गाडी येवची नाय, ती पुकारूची नाय."

हे सगळे हसण्यासारखे होते आणि आम्ही हसतही असू. पण खरे सांगायचे तर विकी सुधारत गेली. नवीन येणारे प्रश्न कमी विचारू लागले. मीही सुधारलो. पदवी घेतली तरी सरळ चार वाक्ये लिहायला मला कोणी शिकवले नव्हते. ते शिकलो ते त्या एका बोटाच्या टाइपिंगशेजारी बसून. ते मी विसरत नाही.

मग ते पान आले. एके दिवशी सकाळी विकी उघडली तर आदल्या दिवशी दुपारी सगुणभाईंनी नवीन पान घातलेले. वर ठळक अक्षरांत 'एकटा आल्यास'. खाली मजकूर असा:

'खेळाडूंनी लक्ष द्यावे. खेळाडू एकटा आला असल्यास त्याने मालवणच्या बाजूचे टोक धरावे. देवबागच्या बाजूस कोणी नाही, असे दिसेल. दोर ओढू नये. एकट्याने ओढल्यास जाळे तिरके येते व मासे जातात. दोर सोडूही नये. सोडल्यास होडी जाळे घेऊन परत जाते. दोर धरून थांबावे. थांबले असता पाण्याचा रंग बदलत जातो. बऱ्याच वेळाने एक बगळा येऊन होडीच्या टोकावर बसतो. तो उडून गेला तरी पुन्हा येतो.'

नेमकी तेव्हाच घाई होती. पुण्यात फुकट खेळ बनवणाऱ्या लोकांचा मेळावा भरणार होता आणि प्रसाद तिथे रापण दाखवणार होता. विकीचे प्रत्येक पान खेळाशी ताडून बघायचे आणि जे खेळात नाही ते काढून टाकायचे, असे ठरले होते. प्रसादने हे पान वाचले आणि त्याचा फोन आला. खेळ दोघांचा आहे, एकट्याने खेळायची सोयच नाही, मग हे पान कशाला? आणि बगळा कुठून आणला? खेळात बांगडे आहेत, सुरमई आहे, कुर्ल्या आहेत. पक्षी एकही नाही.

मी सगुणभाईंना विचारले. ते म्हणाले, "आसा."

मी म्हटले, प्रसाद म्हणतो त्याने घातलेला नाही.

"त्येका म्हणा बघ. माका दिसता."

मी प्रसादला तसे कळवले. प्रसाद स्वभावाने वाईट नाही, पण तो दिवसभर कंपनीत काम करून रात्री हे करीत होता. त्याने चर्चेच्या पानावर एकच ओळ लिहिली: 'कृपया मनाने काहीही लिहू नये. जी गाडी येणार नाही ती पुकारायची नाही, हा नियम तुमचाच आहे.'

सगुणभाईंनी ती ओळ माझ्यासमोर वाचली. मोठ्याने वाचली नाही, म्हणून मला कळले की त्यांना लागले आहे. साऱ्या नोकरीत त्यांनी खोटी गाडी पुकारली असे कोणी म्हटले नव्हते. ते एक एक अक्षर शोधत बराच वेळ टाइप करीत राहिले. प्रसादच्या ओळीखाली त्यांनी लिहिले होते: 'सगुण कांबळी यांची विकीवरील फेरी रद्द करण्यात येत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' शेवटी धन्यवाद नव्हते. त्या दिवशी ते घोषणा न करताच गेले.

नंतर ते सकाळी येईनात, संध्याकाळीही नाही. टॅलीच्या मुलींनी विचारले, भाई आजारी आहेत का? प्रसादने मला सांगितले की मेळाव्याच्या आधी ते पान पुसून टाक. पाने कायमची काढायचा अधिकार आम्हा दोघांकडेच होता. मी हो म्हटले. पण पुसण्याआधी एकदा आपण होऊन ताडून बघावे, असे मला वाटले. ताडून बघायचे म्हणजे कोणी नसताना एकट्याने दोर धरून बसायचे. त्यासाठी दुपार बरी. सगळे खेळाडू नोकरीवर आणि कॉलेजात, मालवणची बाजारपेठ अर्धी बंद. म्हणून त्या दिवशी मी जेवायला कट्ट्याला गेलो नाही. वडापाव खाल्ला आणि परत इन्स्टिट्यूटमध्ये आलो.

बाबलो गल्ल्यावर झोपला होता. कोपऱ्यातल्या मशीनवर सगुणभाई बसले होते.

मी बाबलोला हलवून हळूच विचारले, हे कधी आले? तो डोळे न उघडता म्हणाला, "ते? ते रोजच दुपारचे आसतत."

मला हे ठाऊकच नव्हते. मी रोज दुपारी घरी असे.

मी जवळ गेलो. पडद्यावर प्रसादचा किनारा होता. मालवणच्या पाटीशी एक छोटा माणूस दोर धरून उभा. देवबागच्या पाटीखाली लिहिलेले, 'कोणी नाही.' सगुणभाईंचे एक बोट बटणावर होते, दुसरा हात मांडीवर. ते खेळत नव्हते. नुसते धरून होते. निळे पाणी हळूहळू तांबूस झाले, मग करडे. मी उभा राहून कंटाळलो, माझे लक्ष बाहेर रस्त्यावर गेले. तेवढ्यात ते कुजबुजले, "बस. आवाज करू नको. उडता तो."

होडीच्या टोकावर एक बगळा बसला होता. पांढरा, चार ठिपक्यांचा. त्याने मान वळवली, एक पाय वर घेतला.

मीही खरोखर आवाज न करता बसलो. कॉम्प्युटर शिकवणारा मी, श्वास धरून बसलो होतो, चित्रातला बगळा उडेल म्हणून.

थोड्या वेळाने मी विचारले, रोज येता?

"तर काय," ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "स्टँडार सगळ्यांका गाडयेत बसवलंय. झिलाची मुंबयची गाडी मीच पुकारलंय. हिची पण. आता दुपारचा घराकडे कोण आसा? हय निदान दोर तरी हातात आसता."

मग त्यांना वाटले असावे की जास्त बोललो. ते म्हणाले, कोण कधी येतो त्याचा नेम नसतो, टोक सोडून चालत नाही. एकदा कराडचा एक जण आला होता. पण त्याने घाई केली.

मी बाहेर जाऊन प्रसादला फोन लावला आणि बगळा बघितल्याचे सांगितले. तो आधी माझ्यावरच हसला. मग त्याला आठवले. अगदी सुरुवातीला, खेळात काहीच नव्हते तेव्हा, खेळ चालू आहे की अडकून पडला आहे हे कळावे म्हणून त्याने एक बगळा घातला होता. कोणी दोर न ओढता फार वेळ गेला तरच तो येई. पुढे तो काढायचा राहून गेला आणि विसरला.

"पण तेवढो वेळ कोण थांबता रे?" प्रसादने विचारले.

मी म्हटले, तू आता चर्चेच्या पानावर लिही. त्याने फोन चालू असतानाच लिहिले: 'बगळा आहे. चूक माझी. पान राहील.' आत येऊन मी ते सगुणभाईंना दाखवले. त्यांनी ते वाचले, या वेळी मोठ्याने, बाबलो जागा होईपर्यंत.

मला वाटले, आपणही त्या पानावर काही भर घालावी. मी शेजारच्या मशीनवर ते पान उघडले आणि शेवटी एक ओळ लिहिली: 'दुपारच्या वेळी देवबागच्या बाजूस कोणीतरी येते.'

सगुणभाईंनी चष्मा कपाळावर नेला आणि माझ्या पडद्याशी डोळे आणले. "कोणीतरी म्हंजे कोण?"

मी कोणीतरी पुसून तिथे 'कट्ट्याचा संतोष' असे माझे नाव घातले.

"कधी येता? रोज?"

मी 'रोज' घातले.

"आयतवार धरून?"

आयतवारी, म्हणजे रविवारी, इन्स्टिट्यूट बंद असते. मी तसे म्हटले. त्यांनी माझा कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला आणि एका बोटाने, शुद्ध मराठीत, खाली टाइप केले: 'रविवारी ही फेरी बंद राहील.' मग कीबोर्ड परत दिला आणि आपल्या खुर्चीत नीट बसले.

मी दुसरे टोक धरले. पहिल्या दिवशी मी फार जोरात ओढले आणि सगळे मासे गेले. त्यावर ते जे बोलले ते मालवणीतच होते आणि इथे लिहिण्यासारखे नाही.

पण पानावर लिहिले होते, तेव्हा ते खरे ठेवणे आले. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळीच डबा घेऊन निघू लागलो. दुपारचा जेवायला का येत नाहीस, असे आईने विचारले. मी म्हटले, "लिवन दिलंय."